पुलावरची पिछाडी

तो पूल बाईंचा होता. पुठ्ठ्याच्या पटावर छापलेला, बोटाच्या पेराएवढा, पण बाईंच्या मर्जीशिवाय त्यावरून कोणी पलीकडे गेल्याचं क्लबातल्या एकाही माणसाला आठवत नव्हतं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची ती खोली, खालून येणारा रबर सोल्यूशनचा वास, खिडकीशी लांब टेबल, आणि दर रविवारी दुपारी त्या टेबलाच्या एका बाजूला बाई. समोर कोणीही बसो. बँकेतले साहेब बसले, वकील बसले, एकदा तर फौजेतून खरोखर निवृत्त झालेले एक गृहस्थ मिशीला पीळ देत बसले. सगळ्यांना बाईंनी पाणी पाजलं. ते मिशीवाले पुन्हा जिना चढलेच नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, ह्या बाई कोण? तर बाई कवळ्या बनवतात. दंतवैद्याच्या दवाखान्यामागे त्यांची कामाची खोली आहे. तिथे प्लास्टरची भुकटी, गुलाबी मेण, एक छोटी निळी ज्योत आणि फळीवर ओळीनं मांडलेले लोकांचे जबडे. डॉक्टर माप घेतात, पण दात घडवतात त्या बाई, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. माहीत नसेल तर बाई स्वतः सांगतात, कारण नम्रपणा त्यांच्याकडे कधी वस्तीला आला नाही. "काय काका, माझे दात काय म्हणतात?" असं भर रस्त्यात विचारतात. काका बिचारे तोंड मिटून मान हलवतात आणि पुढे सटकतात.

खेळ होता एका जुन्या लढाईचा. एक दमलेली फौज घराकडे परतते आहे, मागे तिच्या दुप्पट फौज लागली आहे, मधे नदी आणि नदीवर एकच पूल. दमलेल्या फौजेची पिछाडी पूल अडवून उभी राहते, तोवर बाकीच्यांनी निसटायचं. पटावर सहा कोनांची घरं, त्यावर पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या. कुठली पायदळाची, कुठली घोडेस्वारांची, कुठली तोफांची. फासे टाकायचे आणि झुंज लावायची. इतक्या वर्षांत काही सोंगट्या हरवल्या, एक तर सायकलवाल्याच्या कुत्र्यानं खाल्ली. तिथे बाईंनी कवळीच्या गुलाबी मालाच्या नव्या सोंगट्या घडवून ठेवल्या. त्यामुळे त्या फौजेत निम्मे घोडेस्वार हिरड्यांच्या रंगाचे होते.

बाई कायम पिछाडी घ्यायच्या. खेळाच्या खोक्यावर छापलेल्या माहितीत लिहिलं होतं की खऱ्या लढाईत त्या पिछाडीतले फारसे कोणी घरी परतले नाहीत. बाईंच्या हातात मात्र ते दर रविवारी परतायचे. त्याला कारण बाईंची चाल. शत्रू पुलाशी भिडला की बाई आपले घोडेस्वार झुंज न देता मागे घ्यायच्या. शत्रूला वाटायचं, पळाले. तो पुढे सरकायचा, पुलाच्या चिंचोळ्या जागेत अडकायचा, आणि त्याच खेळीत बाईंचे तेच घोडेस्वार वळून त्याच्यावर तुटून पडायचे. क्लबात त्या चालीला 'वळून वार' म्हणत. नवा माणूस आला की जुने त्याला आधीच सांगून ठेवत, बाबा रे, घोडे मागे गेले म्हणजे खूश होऊ नकोस.

ह्या चालीचा सर्वांत जास्त मार खाल्ला तो बेकरीवाल्या दादांनी. अंगानं आडवे, बोलायला मवाळ, कोपरापर्यंत मैद्याचे डाग. पहिल्याच वर्षी ते एकदा म्हणाले होते, "अहो, पण पळून गेलेला माणूस लगेच वळून मारतो कसा?" तेव्हा क्लब काढणारे चित्रकलेचे मास्तर हयात होते. खोकं त्यांनी आणलेलं, खेळ सगळ्यांना तोंडी शिकवलेला त्यांनी. मास्तर म्हणाले, "लढाईत रडायचं नाही." सगळे हसले आणि दादाही हसले. नियमांचं पुस्तक खोक्यातच पडून होतं, पण क्लबचा एक रिवाज होता. डाव मांडलेला असताना जो पुस्तक उघडेल, त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. सुरुवातीला लोक पुस्तक काढून इतकी हुज्जत घालत की डाव संपायचाच नाही, म्हणून मास्तरांनी काढलेली ही शक्कल. ती इतकी लागू पडली की पुढे पुस्तक कोणी उघडलंच नाही. मास्तर गेले, त्यांचा शब्द राहिला.

आणि मग सुनेच्या कंपनीनं नेमका हाच खेळ घेतला.

बाईंची सून कॉम्प्युटरवर खेळ बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत कामाला. जुने पुठ्ठ्यावरचे युद्धाचे खेळ घ्यायचे, रीतसर परवानगी काढायची आणि ते स्क्रीनवर आणायचे, हा त्यांचा धंदा. पोरगी चष्मेवाली, शांत. "गुणाची आहे, पण हिला बोलायला पैसे पडतात की काय देव जाणे," हे बाईंचं तिच्याबद्दलचं मत. पण तिनं एका संध्याकाळी जेवताना सहज सांगितलं की आई, तुमचा तो पुलाचा खेळ आता आम्ही करतोय, आणि बाईंच्या हातातला घास हातातच राहिला.

पुढचे काही महिने त्या घरात दुसरा विषय नव्हता. सून पुस्तकातला एकेक नियम प्रोग्रॅममध्ये उतरवायची आणि बाई मागे उभ्या राहून सूचना करायच्या. "अगं, घोडे असे सरकत नाहीत. आधी जमतात, मग सुटतात." बाईंचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे, आता निवृत्त. खेळाचं त्यांना ओ की ठो कळत नाही. पण लाकडी पुलावरच्या टापांचा आवाज हवा होता, तर त्यांनी फळीवर दोन पेले उपडे आपटून तो काढून दिला. "खेळातले घोडे तेवढे आमचे," असं ते आल्यागेल्याला सांगू लागले.

एका रविवारी कंपनीचे साहेब बाईंचा डाव बघायला आले. साहेब म्हणजे बाईंच्या मुलाच्या वयाचा पोरगा, सून त्याला नुसत्या नावानं हाक मारते. बाईंनी वळून वार केला आणि साहेबांनी टाळ्या वाजवल्या. म्हणाले, "आमच्या खेळात कॉम्प्युटरशी लढायला तीन खेळाडू असतील. सोपा, मध्यम, आणि सगळ्यांत कठीण. त्या कठीण खेळाडूला आम्ही तुमचं नाव देणार. त्याचं नाव 'बाई'."

बाई वरवर म्हणाल्या, "कशाला हो." दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांनी ही गोष्ट दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली, आणि तीही त्याच्या तोंडात मेणाचा साचा असताना, म्हणजे मधे बोलायची सोय नाही. जगात कुठेही कोणी हा खेळ उघडला तरी समोर बाई उभ्या राहणार. आपण नसलो तरी राहणार. लोकांचे दात लोकांबरोबर जातात, हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. हे नाव मात्र मागे उरणार होतं, आणि ते बाईंना हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं.

खेळ तयार होत आला तेव्हा चाचणी क्लबातच करायची ठरली. भिंतीवर प्रोजेक्टरनं नदी झळकली, पूल झळकला. टेबलाच्या एका बाजूला टॅब घेऊन बाई, दुसऱ्या बाजूला दादा. कोपऱ्यात सून तिच्या लॅपटॉपपाशी, शेजारी साहेब. दादांनी पुलावर हल्ला चढवला. बाईंनी घोडे मागे घेतले. टापा वाजल्या, सगळ्यांनी यजमानांकडे बघितलं आणि त्यांनी मान तुकवली. दादा पुलावर आले, अडकले. बाईंनी खोलीभर एक नजर फिरवली आणि ऐटीत घोड्यांवर बोट ठेवलं.

काही झालं नाही. घोडे राखाडी झालेले, जागचे हलेनात. बाईंनी पुन्हा बोट ठेवलं, मग दाबलं, मग टॅबच्या पाठीवर एक चापट मारली.

"अगं सूनबाई, घोडे आजारी पडले की काय?"

खोली हसली. सून उठून उभी राहिली. चेहरा उतरलेला. "आई, ते ह्या खेळीत लढणार नाहीत. झुंज टाळून मागे हटले ना."

"हटले म्हणून काय मेले?"

"नियम तसा आहे. मागे हटलेली तुकडी त्याच खेळीत वार करू शकत नाही. पुढच्या खेळीत करेल."

"कुठला नियम? मास्तरांनी..."

"पुस्तकातला," सून म्हणाली.

कोणीतरी खोकं काढलं. डाव पटावर मांडलेला नव्हता, भिंतीवर होता, तेव्हा चहाची भीती नव्हती. पुस्तक हातोहात फिरलं. साध्या, सरळ भाषेत लिहिलेलं होतं, पोरालाही कळावं असं. दादांच्या हातात आलं तेव्हा त्यांनी वाचलं, मिटलं आणि हळूच टेबलावर ठेवलं. ते हळूच ठेवणंच बाईंना जास्त लागलं.

मग एकच कल्ला झाला. वकील म्हणाले, पुस्तक गेलं खड्ड्यात, आम्ही असंच खेळत आलोय, हाच आमचा नियम. बँकवाले म्हणाले, छापणाऱ्यानंच चूक केली असेल. साहेब हुशार, त्यांनी हवा ओळखली. सुनेला म्हणाले, "अगं, त्यात काय एवढं? एका ओळीचं काम आहे. सगळ्यांना नको, पण 'बाई' म्हणून जो खेळाडू येईल त्याला तेवढी मुभा देऊन टाक. कोणाला कळणार आहे?"

सगळ्यांच्या नजरा सुनेकडे वळल्या. बाईंचीही. खरं सांगायचं तर त्या क्षणी बाईंची नजर हेच म्हणत होती की दे ना गं, एका ओळीचंच तर काम आहे.

सून चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, "मला कळेल. आणि आईंना कळेल. समोरच्याचे घोडे बांधून ठेवायचे आणि आईंचे सोडायचे, असा खेळाडू मी नाही बनवणार. दुसऱ्या कोणाकडून करून घ्यायचं तर घ्या, पण मग त्याला आईंचं नाव देऊ नका."

एरवी दोन शब्द बोलायला जिला जड जातं, ती भरल्या खोलीत साहेबाच्या तोंडावर एवढं बोलली. साहेबांनी दोन्ही हात वर केले आणि नावाचं पुढे बघू म्हणाले. बाई जिना उतरल्या त्या कठड्याला धरून, आणि घरापर्यंत सुनेशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

पुढचे काही दिवस घरात अबोला. "त्यांना सांगा, मीठ कमी आहे." "हिला सांगा, मीठ समोरच आहे." मधे यजमान, दोन्हीकडचे निरोप पोचवून कंटाळलेले. मुलगा कामानिमित्त बाहेरगावी होता, तो फोनवर म्हणाला, आई, तो पुठ्ठा आहे गं. बाईंनी फोन ठेवून दिला. पुठ्ठा म्हणे. भर खोलीत नाक कापलं गेलं होतं, तेही घरच्या माणसाकडून, आणि वर ते घरचं माणूस बरोबर होतं. चुकीचं असतं तर बाईंनी केव्हाच झापून मोकळं केलं असतं.

त्यातलं वाईट म्हणजे रात्रंदिवस डोक्यात एकच हिशेब. किती रविवार त्या चालीवर जिंकले? ती काढून टाकली तर मागे काय राहतं? आपण खरंच चांगलं खेळत होतो, की नुसते सुटे घोडे घेऊन बांधलेल्या माणसांना मारत होतो? हे कोणाला विचारायची सोय नव्हती.

अशातच एक पेन्शनर आजोबा नवी कवळी बसवून घ्यायला आले. बाईंनी दात बसवले, म्हणाल्या, चावून बघा. आजोबांनी चावलं आणि हसून म्हणाले, "झकास. जराही टोचत नाही." बाईंना त्यांच्या डोळ्यांत दिसलं की टोचतंय. त्यांनी निळा कागद दातांत धरायला लावला. चावल्यावर जिथे दात उंच असतो तिथे त्या कागदाचा निळा डाग उमटतो. उजव्या दाढेवर चांगला ठळक डाग उमटला.

"टोचत होतं ना?"

"थोडं. पण तुम्ही एवढी मेहनत घेतलीत, म्हटलं उगाच कशाला..."

"माझं मन राखायला दात घालताय का तुम्ही?" बाई कडाडल्या. "टोचतं तर टोचतं म्हणा. नाहीतर घरी जाऊन कवळी डब्यात ठेवाल आणि लोकांना सांगाल, बाईंचे दात छान असतात. त्या कौतुकाला काय चाटू मी?"

आजोबा दचकले. मग दाढ घासून, पुन्हा कागद धरून, डाग नाहीसा झाल्यावरच बाईंनी आजोबांना सोडलं. हात धुताना मात्र स्वतःशीच पुटपुटत होत्या आणि राग नक्की कोणाचा येतोय ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

संध्याकाळी घरी आल्या, स्वयंपाकघरातली खुर्ची ओढली आणि थेट सुनेला म्हणाल्या, "तो टॅब आण इकडे." यजमानांनी सुटकेचा नि:श्वास टाकला आणि चहाचं आधण ठेवलं.

"एक सांग," टॅब सुरू होईतो बाईंनी विचारलं. "तुला आधीच कळलं होतं ना?"

"थोडे दिवस आधी."

"मग मला घरात सांगितलं का नाहीस? चारचौघांत तोंडावर पडले."

सुनेनं टॅब बाईंच्या पुढ्यात सरकवला. "वाटलं, मीच चुकीचं वाचतेय. पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही चुकाल, असं डोक्यातच येईना."

बाईंनी फासे टाकायचं बटण दाबलं.

खऱ्या नियमानं पिछाडी खेळणं म्हणजे काय, ते बाईंना तिथे कळलं. घोडे मागे घेतले तर पूल जातो. पुलावर ठेवले तर घोडे जातात. तिसरी वाट नाही. पहिल्या डावात बाईंनी सवयीनं घोडे मागे घेतले आणि कॉम्प्युटरची फौज त्यांच्या अंगावरून नदीपार गेली. दुसऱ्या डावात तेच. 'सोपा' नावाच्या खेळाडूनं बाईंना धूळ चारली. यजमान डोकावून म्हणाले, "हा तर सोपा म्हणे." बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. सून शेजारी बसून होती. तिला उत्तर माहीत होतं की नाही देव जाणे, पण तिनं एकदाही बोट दाखवलं नाही आणि बाईंनीही विचारलं नाही.

मग रोजच सुरू झालं. बाई हरायच्या, चडफडायच्या, पुन्हा मांडायच्या. हळूहळू लक्षात येत गेलं की घोडे वाचवायचे नसतात, विकायचे असतात, आणि तेही महाग विकायचे. एकेका घरासाठी शत्रूच्या दोन खेळ्या खर्ची पडल्या पाहिजेत. त्या खऱ्या लढाईतल्या पिछाडीतले लोक घरी का परतले नाहीत, ते इतक्या वर्षांनी बाईंना उमजलं आणि त्यांना भरून आलं. इतके रविवार आपण त्यांना फुकटात घरी आणत होतो, त्या म्हणाल्या. सुनेनं मान हलवली.

'मध्यम'ला हरवलं त्या दिवशी बाई बेकरीत गेल्या. दादा भट्टीतून ट्रे काढत होते.

"दादा, तुमचं बरोबर होतं. पहिल्या वर्षीच बरोबर होतं. मी हसले होते तुम्हाला."

दादांनी ट्रे ठेवला, हात पुसले. "सोडा हो ताई. ती चाल मोडायची, एवढ्यासाठीच तर मी दर रविवारी येत होतो. नाहीतर आलो असतो का इतकी वर्षं?"

"मग येत्या रविवारी या. साहेबांनाही बोलावलंय. खऱ्या नियमानं खेळू. मी पूल राखला तर त्या खेळाडूला माझं नाव लागेल. नाही राखला तर नाही. असं मीच ठरवलंय."

"ताई, मग मी जरा सांभाळून..."

"सांभाळून खेळलात तर तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही."

त्या रविवारी खोलीत बसायला जागा नव्हती. सायकलवालाही दुकान बंद करून वर आला. भिंतीवर नदी, पूल, पुलावर नि पलीकडे बाईंची दमलेली फौज, अलीकडे दादांची दुप्पट. दादांनी शब्द पाळला, अजिबात दया केली नाही. पहिल्याच खेळीत पुलावर धडकले. सगळ्यांना वाटलं, आता बाई घोडे मागे घेणार. बाईंनी घेतले नाहीत. घोडे उभे राहिले, फासे पडले, एक तुकडी गेली. मागून दुसरी पुढे आली. तीही गेली, पण जाताना दादांच्या दोन घेऊन गेली. वकील पुटपुटले, "अहो, ह्या तर घोडे उधळतायत." बँकवाल्यांनी त्यांना गप्प केलं, कारण पुलापलीकडे बाईंची मोठी फौज एकेक घर मागे सरकत होती, निसटत होती.

शेवटाकडे बाईंकडे पुलावर एकच तुकडी उरली आणि पलीकडच्या तीरावर तोफांचा शेवटचा तांडा. आणखी एक खेळी पूल टिकला असता तर तोफाही निसटल्या असत्या. दादांनी फासे टाकायच्या आधी बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "टाका." पडायचं तेच पडलं. पुलावरची तुकडी भिंतीवरून नाहीशी झाली, पूल दादांच्या रंगाचा झाला, तोफा तीरावरच सापडल्या. कॉम्प्युटरनं निकाल दाखवला: बेकरीवाले दादा, अगदी थोडक्यात विजयी.

कोणी टाळी वाजवली नाही. दादा भिंतीकडे बघत बसून राहिले. त्यांचे डोळे भरले होते. "ताई," ते म्हणाले, "इतक्या वर्षांत तुम्ही आजच्याएवढं चांगलं कधी खेळला नव्हता."

"ते मलाही कळतंय," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज ठणठणीत होता, मान ताठ होती. हरलेल्या बाई क्लबानं पहिल्यांदाच बघितल्या आणि त्या जिंकलेल्या बाईंपेक्षा उंच दिसत होत्या, असं सायकलवाला पुढे कित्येक दिवस गिऱ्हाइकांना सांगत होता.

साहेब चुळबुळत उठले. "बाई, थोडक्यासाठी गेला हो. आम्ही नाव ठेवतोच. ह्या डावावरून तर नक्कीच ठेवतो."

"नाही. पूल गेला, नाव गेलं. बोलले ते बोलले." मग बाईंनी कोपऱ्याकडे एक नजर टाकली. "पण त्या कठीण खेळाडूला नाव तर हवंच ना तुम्हाला?"

"हवं आहे."

"मग 'सूनबाई' ठेवा."

खोली खो खो हसली. कोपऱ्यातून सून म्हणाली, "आई, नको हो, काहीतरीच." वकिलांना तर हसता हसता ठसका लागला.

"हसू नका," बाई म्हणाल्या. "पूल माझ्याकडून दादांनी घेतला, तो खेळ झाला. पण त्या दिवशी ह्या खोलीत तुम्ही सगळे एकीकडे होतात. साहेब होते. मी होते, मनातून मीही तुमच्यातच होते. आणि ही एकटी उभी राहिली, हलली नाही. सासूसाठी हलली नाही. पिछाडी म्हणजे काय ते मला पटावर कळायला इतकी वर्षं लागली, हिला शिकवावं लागलं नाही. माझी सून आहे ती. लिहा नाव."